पांढरी टाचणी

आमच्या खात्रीबाईंना तुम्ही ‘आज बुधवार आहे’ असं सांगितलंत, तर त्या ‘हो का’ म्हणतील, मान हलवतील आणि तुमची पाठ वळली की हळूच कॅलेंडरकडे बघतील. बुधवारच निघाला तरी त्यांचं समाधान होत नाही. कॅलेंडर यंदाचंच आहे ना, हेही त्या बघून घेतात. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. बिचाऱ्यांनी जन्मभर लोकांना वेळ सांगितली, पण घरी त्यांनी वेळ सांगितली की बायको शेजारणीला विचारून येते. ‘खात्री आहे?’ हे बाईंचं पालुपद. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, आमच्या तोंडात ते कधी आलं नाही.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्या लोकांचे फोन घेतात, मी वायरलेसवर गाड्यांशी आणि बोटींशी बोलतो. माझा आवाज असा की यंत्र बंद पडलं तरी काही अडणार नाही, असं बाई म्हणतात. म्हणून मी त्यांचा ‘भोंगा’. मला याचा राग येतो. राग आला की माझा आवाज चढतो, आणि त्यांचं म्हणणं आपोआप खरं ठरतं.

आमचा नियंत्रण कक्ष म्हणजे अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या राहतात त्या शेडच्या वरचा मजला. एक लांब टेबल, त्यावर फोन, एक चाक गेलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली आणि समोरच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. एरवी आमच्याकडे येतं ते म्हणजे पडलेलं झाड, अडकलेली लिफ्ट, शेजाऱ्याच्या घरातून येणारा धूर, जो बहुतेक वेळा करपलेल्या दुधाचा असतो. बाई त्या धुराचीही उलटतपासणी घेत. ‘काळा की पांढरा? वास कसला? तुमचंच दूध नाही ना?’

हा स्वभाव त्यांनी आधीच्या नोकरीतून आणला होता, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे येण्यापूर्वी त्या वीजकंपनीच्या तक्रार केंद्रात होत्या. तिथे म्हणे प्रत्येक घरात एक म्हातारी अत्यवस्थ असते आणि प्रत्येक मुलाची उद्या परीक्षा असते. ‘वीज लवकर यावी म्हणून माणूस स्वतःची आई मारायला कमी करत नाही,’ असं त्या सांगत. परीक्षेचं कारण देणाऱ्याला त्या ‘कुठला पेपर?’ असं विचारत. निम्मे लोक तिथेच फोन ठेवत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

आणि मग ते पाणीच शहरात शिरलं.

वरच्या अंगाला वादळ झालं, नदी फुगली, बांध ओलांडून पाणी खालच्या अर्ध्या शहरात पसरलं. वीज गेली. आमच्याकडे जनरेटर होता, तो खोकत खोकत चालला. बोटी मोजक्या, फोन अखंड. संगणक बंद पडल्यामुळे आम्ही जुन्या पद्धतीवर आलो. फोन घेणाऱ्याने उठायचं आणि नकाशावर त्या जागी टाचणी टोचायची. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे त्यानंतर, पांढरी म्हणजे थांबू शकेल. मी नकाशाकडे बघून बोटींना वाट सांगायची. पांढरीचा अर्थ नियमात ‘थांबू शकेल’ असा होता, पण कक्षात सगळ्यांना ठाऊक होतं की पांढरी म्हणजे ‘थापा मारतोय’. पांढऱ्या टाचणीकडे बोट पाठवायची माझ्यावर वेळच आली नव्हती.

पहिल्या दिवशी लोक खरं बोलले. दुसऱ्या दिवशी कुठून तरी बातमी पसरली की तान्हं बाळ असलेल्या घराला बोट आधी मिळते. बातमी खरीच होती. झालं! दुपारपर्यंत शहरातल्या प्रत्येक गच्चीवर एक तान्हं बाळ जन्माला आलं. बोटवाले तिथे जात आणि वायरलेसवर मला शिव्या घालत.

“अरे भोंग्या, बाळाला मिशा आहेत!”

“दुसरं कोणी लहान नाही का तिथे?”

“आहे ना. कुत्रं आहे. तेही म्हातारं.”

मग खात्रीबाईंनी स्वतःचा एक उपाय काढला. बाळ आहे म्हणाल की त्या म्हणत, ‘फोन त्याच्या तोंडाशी धरा.’ झोपलंय म्हणाल तर ‘उठवा.’ एका बाप्याने स्वतःच बारीक आवाज काढून ‘ट्यँहँ’ केलं. बाई त्याला शांतपणे म्हणाल्या, “बाळाला सर्दी झालेली दिसते. दाढी करून घ्या, बरं वाटेल.” पांढरी टाचणी. काही खऱ्या आया मात्र चिडल्या, रडल्या. एकीने तर बाईंना ‘तुम्हाला मूल नाही वाटतं’ असं विचारलं. खरंच नव्हतं. बाईंनी बाळाचा आवाज ऐकला, ‘खात्री झाली’ म्हणाल्या आणि लाल टाचणी लावून आल्या. मला त्यांचा राग यायचा. पण त्यांच्या लाल टाचणीवर गेलेली बोट एकदाही फुकट गेली नाही, हेही खरं.

त्यात बाहेरचा ताप वेगळा. फाटकाशी माणसं जमली होती. ज्यांचे नातेवाईक पाण्यात होते ती, आणि ज्यांचे नव्हते तीसुद्धा. त्यांचं म्हणणं, बोटी आधी आतल्यांच्या घरी जातात. ‘कुंपणच शेत खातंय’ असं एकजण शेडच्या भिंतीवर चक्क कोळशाने लिहून गेला. आमच्या साहेबांनी ते वाचलं आणि वर येऊन टेबलावर हात आपटला.

“घरचा फोन आला की हात वर करायचा,” साहेब म्हणाले. “बोलायचं नाही, ठरवायचं नाही. फोन शेजारच्याला द्यायचा, टाचणी तो लावेल. हात वर न करता कोणी घरच्यांना लाल टाचणी लावलेली मला कळली, तर त्याने उद्यापासून घरी बसायचं. सगळ्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवा.”

साहेबांचं घर टेकडीवर. त्यांना हात वर करायची वेळ येणार नव्हती. पण हुकूम तो हुकूम. त्यानंतर कक्षाचा नूरच पालटला. जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघायला लागला. कोणी डोकं खाजवायला हात नेला तरी बाकीच्यांच्या माना वळत. कोणी फोनवर जरा हळू बोललं की मला वाटे, सासुरवाडी. मीही त्यातलाच. मला तर आधीपासूनच सगळ्यांचा संशय येतो. आता त्याला सरकारी मान्यता मिळाली.

आणि अशात खात्रीबाईंचा तो फोन आला.

बाईंचं फोनवरचं बोलणं मला पाठ होतं. कुठून बोलताय, किती जण, पाणी कुठवर, तान्हं आहे का, ऐकवा, खात्री आहे? देवळातल्या आरतीसारखं, एका कडव्यानंतर दुसरं. त्या फोनला सुरुवात तशीच झाली. “बोला. कुठून? किती जण?” मग त्या एकदम गप्प झाल्या. पलीकडची बाई खूप वेळ बोलत होती. मला फक्त बाईंची मान दिसत होती, आणि ती ताठ झाली होती.

“तान्हं?” त्या म्हणाल्या.

मी वाट बघितली. आता ‘ऐकवा’ येणार. ते आलं नाही. ‘खात्री आहे?’ तेही आलं नाही. बाई लाकडासारख्या आवाजात म्हणाल्या, “नोंद केली. फोन ठेवा.” उठल्या, नकाशापाशी गेल्या आणि पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत पांढरी टाचणी टोचून परत आल्या. खुर्चीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लगेच दुसरा फोन घेतला, आणि त्याला मात्र सगळी कडवी नेहमीसारखी म्हटली.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. करपलेल्या दुधाला जी बाई सात प्रश्न विचारते, ती तान्ह्या बाळाला एकही विचारत नाही? थाप आहे असं वाटलं, तर ती पकडण्यात बाईंना केवढा आनंद होतो. खरं आहे असं वाटलं, तर लाल टाचणी. हे मधलंच काय? गिरणीचा भाग सखल. आजूबाजूच्या सगळ्या टाचण्या लाल होत्या, बोटी तिथेच फिरत होत्या, आणि त्या लाल गर्दीत ही एकटी पांढरी. मी सुतावरून स्वर्ग गाठायला सुरुवात केली. काहीतरी लपवाछपवी आहे. पलीकडची बाई कोणीतरी ओळखीची आहे. हात वर करावा लागू नये म्हणून बाईंनी प्रकरण पांढऱ्यात ढकललंय, म्हणजे नोकरीही शाबूत आणि कोणाला पत्ताही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना खोटं ठरवणारी बाई स्वतः खोटेपणा करते आहे, असं वाटून मला, खरं सांगतो, थोडा आनंदही झाला.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. गिरणीच्या बाजूचा बोटवाला होता.

“इकडचे लाल सगळे उचलले. डिझेल कमी होतंय, धारेला जोर आहे. मी परत फिरतो. आणखी काही आहे का या बाजूला?”

नकाशावर तिथे लाल काही उरलं नव्हतं. पिवळंही नव्हतं. फक्त ती पांढरी होती. एकदा बोट परत फिरली की डिझेल भरून धारेच्या उलट पुन्हा तिथे पोचेपर्यंत अंधार होणार, आणि अंधारात बोटी सोडायच्या नाहीत असा हुकूम होता. म्हणजे ‘आहे’ की ‘नाही’, हे मला आत्ताच सांगायचं होतं.

“थांब जरा,” मी त्याला म्हणालो आणि यंत्राचं बटण सोडलं. “बाई, गिरणीमागच्या पांढरीचं काय?”

“थाप आहे.”

“बाळाचा आवाज ऐकलात?”

“त्या घरात बाळ नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

बाईंनी फोनवर हात ठेवला. “कारण ते घर मला माहीत आहे. तिथे दोन म्हातारी माणसं राहतात. मूल त्यांनाही नाही.”

“कोण राहतं बाई?”

“माझी बहीण. सख्खी. थोरली.”

मी वेड्यासारखा बघत राहिलो. इतकी वर्षं शेजारी बसून डबे खाल्ले, यजमानांच्या दाढदुखीपासून सगळं मला माहीत, आणि बहीण आहे हे मला आज कळत होतं. तीही याच शहरात, गिरणीमागे.

“मग हात का नाही वर केलात?”

“घरचा फोन असता तर केला असता,” बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या अगदी सरळ बोलल्या. मी चिडून काही बोलणार होतो, पण त्याच पुढे भराभर बोलायला लागल्या, दात आवळून, टेबलाकडे बघत.

“तुला नाही माहीत ती कशी आहे. राईचा पर्वत करते. लहानपणापासून. मांजर आलं तर वाघ आला म्हणायची. शिक्षिकेच्या नोकरीची परीक्षा होती माझी, पेपर हातात होता, हिने शिपायाबरोबर निरोप पाठवला, आई पडली, शेवटचं बघून घे. मी पेपर टाकून धावत गेले. आई मटार सोलत बसली होती. पाय जरासा मुरगळला होता. ही म्हणते, मी घाबरले होते गं. ती परीक्षा परत झाली नाही. मी तक्रार केंद्रात गेले, तिच्याकडे जाणं बंद केलं. आज मला आवाजावरून कळलं, तीच. म्हणते, तान्हं बाळ आहे. कुठून आणणार ती बाळ? सगळं शहर बाळ आहे म्हणतंय, हिने ऐकलं असेल, ही कशी मागे राहील?”

वायरलेसवर बोटवाला करवादला, “अरे, आहे का नाही? धार मला ढकलतेय!”

मला बाईंची दया आली नाही. त्यांचा संताप आला. मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चालीवर विचारलं, “बाई, खात्री आहे?”

त्यांनी तोंड उघडलं. ‘आहे’ असं म्हणायला ओठ हलले, मी बघितलं. पण शब्द बाहेर आला नाही. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारला होता.

“मागे काहीतरी केकाटत होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं टीव्ही. तिचा टीव्ही कायम मोठ्याने चालू असतो.”

“बाई, वीज काल गेलीये.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तो नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा नाही. मग त्या उठल्या, खुर्ची मागे कलंडली, नकाशापाशी जाऊन त्यांनी पांढरी टाचणी उपटली आणि लाल टोचली. टोचता टोचताच माझ्यावर ओरडल्या, “भोंग्या, बोल की! तोंड शिवलंय का?”

मी बोललो. बोटवाल्याने आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग ‘जातो’ म्हणाला.

खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून साहेब आले. त्यांनी नकाशा बघितला. “इथे पांढरी होती. कोणी बदलली?”

“मी,” मी म्हणालो.

“का?”

“आधीच्या फोनवर नीट चौकशी झाली नव्हती.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंकडून नीट चौकशी झाली नाही यावर ते विश्वास ठेवतील, हे मला पटत नव्हतं. त्यांनाही पटलं नाही. “हा फोन कोणाच्या घरचा निघाला तर…” असं म्हणून ते पुढचं न बोलताच गेले, पण जाऊन उभे राहिले ते दाराशी, आमच्याकडे तोंड करून.

नंतरचा वेळ वाईट गेला. फोन थांबत नव्हते आणि बाई ते घेत होत्या. किती जण, पाणी कुठवर, तान्हं आहे का. पण डोळे माझ्या यंत्रावर. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पदराने तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मध्येच एकदा त्या म्हणाल्या, “तिने परत फोन का नाही केला रे? लोक दहा-दहा वेळा करतात. थाप असेल, म्हणूनच नसेल केला. हो ना?” मी म्हणालो, “असेल.” खोटं असावं म्हणून जीव टाकणारी माणसं त्या दोन दिवसांत मी दुसरी बघितली नाहीत.

यंत्र खरखरलं. पाण्याचा आवाज, इंजिनाचा आवाज, आणि मग बोटवाला.

“पोचलो. गच्चीवर पाणी चढलंय, घोट्याच्या वर. माणसं टाकीवर चढून बसलीत. घेतो एकेक.” थोडा वेळ नुसती खरखर. “आणि बाळ एक नाही रे, दोन आहेत!”

“दोन?” बाई माझ्या कानाशी आल्या होत्या. “एकच सांगितलं होतं. विचार त्याला. नीट विचार.”

“दोन? नक्की?” मी विचारलं.

“नक्की काय विचारतोस? दोन्ही माझ्या मांडीवर आहेत. हे ऐक!”

त्याने बहुतेक यंत्र खाली धरलं. आणि आमच्या सगळ्या कक्षात दोन तान्ह्या पोरांचं रडणं भरून गेलं. एकाचं किरटं, एकाचं जाड. एक थांबलं की दुसरं सुरू. टेबलावरच्या सगळ्यांनी फोनवर हात ठेवले. दाराशी उभे असलेले साहेबही दोन पावलं आत आले. खात्रीबाई माझ्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या, अगदी उघड, आवाज करून.

बोटीतून आणलेली माणसं आमच्याच इमारतीखाली, रिकाम्या केलेल्या शेडमध्ये येत. बाई खाली जायला निघाल्या, मग जिन्यातच थबकल्या. “तू पण चल,” मला म्हणाल्या. माझ्या जागेवर दुसरा बसला होता, म्हणून गेलो.

बाईंची ताई मी लगेच ओळखली. तेच नाक, तीच हनुवटी; फक्त बाईंच्या चेहऱ्यावर जो कायमचा ‘हो का?’ असतो, त्याच्या जागी हिच्या चेहऱ्यावर कायमचं ‘अगं बाई!’ होतं. अंगावर ब्लँकेट, ओले केस, दोन्ही हातांत एकेक गाठोडं, आणि आजूबाजूच्या माणसांना ती मोठमोठ्याने सांगत होती की पाणी गळ्याशी आलं होतं, साप तर माझ्या खांद्यावरून गेला. नवरा शेजारी बसून ‘घोट्याशी, घोट्याशी’ असं पुटपुटत होता. बाईंना बघून ती थांबली.

“आलीस!” ती म्हणाली. मग सगळ्यांना, “हीच ती! मी म्हटलं नव्हतं का, फोनवर माझी धाकटी आहे म्हणून?”

“तू ओळखलंस?” बाई म्हणाल्या.

“तुझं ते ‘बोला’ कोण ओळखणार नाही? फौजदार बरा. ही बाळं वरच्या मजल्यावरच्या पोरीची, जुळी. ती कारखान्यात पाळीला जाते, पोरं मी सांभाळते. पुलापलीकडे अडकलीये बिचारी. तुझा आवाज ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला. सगळ्यांना सांगितलं, आता कोणी फोन करू नका, बॅटरी वाया घालवू नका. माझी बहीण आहे तिथे, बोट निघालीच समजा.”

म्हणून परत फोन आला नव्हता. मी बाईंकडे बघू शकलो नाही.

“ताई,” बाई म्हणाल्या, “मग एकच का सांगितलंस? दोन असताना?”

ताईने बाळं सावरली. पहिल्यांदाच ती हळू बोलली. “दोन म्हटलं असतं तर तू फोन ठेवला असतास. मला माहीत आहे गं तू माझ्या बोलण्यातलं निम्मं टाकून देतेस. म्हटलं, या वेळी आपणच निम्मं सांगावं. म्हणजे टाकायला काही उरणार नाही.”

मला वाटलं, आता बाईंनी गप्प बसावं. बोट गेली होती, सगळी जिवंत होती, ताईला काही कळायचं कारण नव्हतं. मी तसं डोळ्याने खुणावलंही. पण खात्रीबाईच त्या.

“मी तेही टाकून दिलं,” त्या म्हणाल्या. “तुझा आवाज ओळखला आणि पांढरी टाचणी लावली. पांढरी म्हणजे थाप. बोट मी नाही पाठवली ताई. याने मला भाग पाडलं.”

ताई बाईंकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं ‘अगं बाई’ पुसून गेलं होतं. मला वाटलं, आता ही ओरडेल, साहेबांना बोलावेल, सगळ्या शहराला सांगेल, दहापट करून सांगेल. तिचा हक्कच होता. तिच्या नवऱ्याने मान फिरवली. मग ताईने उजव्या हातातलं गाठोडं बाईंच्या पुढे धरलं.

“धर,” ती म्हणाली. “चाचपून बघ. खरं आहे.”

बाईंनी बाळ घेतलं. ते किरट्या आवाजाचं होतं. बाईंनी त्याचे पाय चाचपले, हात चाचपले, कान बघितले, आणि त्याला छातीशी धरून त्या ताईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी वर कामाला निघून आलो.

पाणी उतरलं. शहरात चिखल उरला, आमच्या कक्षात उकाडा उरला, संगणक सुरू झाले. टाचण्यांची डबी मात्र कोणी उचलली नाही. साहेबांचा हुकूमही कोणी मागे घेतला नव्हता, पण कोणाच्या लक्षात राहिला नव्हता. बाई तशाच आहेत. कॅलेंडरकडे अजून बघतात. फोनवर सगळी कडवी अजून म्हणतात, फक्त शेवटी एक नवीन जोडलंय, ‘आणखी कोणी आहे का? सांगायचं राहिलंय का?’ लोक गोंधळतात.

परवा दुपारी त्यांनी असाच एक फोन उचलला. “बोला,” म्हणाल्या, आणि ऐकता ऐकता चेहरा आंबट झाला. एकदा कपाळाला हात लावला. मग तोच हात त्यांनी सरळ वर केला. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा, ताठ. सगळा कक्ष बघायला लागला. दाराशी साहेब चहाचा कप घेऊन उभे होते, तेही.

“घरचा फोन आहे,” खात्रीबाई मोठ्याने म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

“अहो, न्हाणीघरात अजगर शिरलाय!” पलीकडून ताई ओरडत होती. “मांडीएवढा जाड! माझ्याकडे बघतोय!”

मी फोनवर हात ठेवून बाईंना सांगितलं.

“मनगटाएवढा धर,” बाई म्हणाल्या. “पण माणूस आत्ता पाठव.”

त्यांचा हात अजून वरच होता.